लातूर चव्वेचाळीस, मुंबई अडीच हजार

२०२४ च्या महाराष्ट्र पोलीस भरतीत १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज आले १७,७६,२५६. हा दुसरा आकडा नुसता वाचून डोक्यात शिरत नाही. प्रत्येक अर्जामागे एक उमेदवार धरा आणि सगळ्यांना अर्ध्या-अर्ध्या मीटरवर एका रांगेत उभं करा. रांग होते ८८८ किलोमीटरची. नागपूरहून निघालेला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरला भिवंडीजवळ आमण्यात संपतो, रांग मात्र त्यापुढे आणखी १८७ किलोमीटर शिल्लक राहते. निवड होणार ती या रांगेतल्या पावणेनऊ किलोमीटरची. बाकीच्यांनी पुढच्या जाहिरातीची वाट पाहायची.

अर्ज म्हणजे माणसं नव्हेत, हे खरं. एकच पोरगा शिपायाचा, चालकाचा, राज्य राखीव दलाचा आणि कारागृह शिपायाचा असे चार फॉर्म भरतो. पण रांग निम्म्यावर आणली तरी ती मुंबईहून लातूरच्या वेशीपर्यंत पोहोचतेच.

आकडे फोडून पाहिले की चित्र आणखी विचित्र दिसतं. जिल्हा आणि शहर पोलीस शिपायांच्या ९,५९५ जागांना ८,२२,९८४ अर्ज, म्हणजे एका जागेमागे ८६. चालकांच्या १,६८६ जागांना १,९८,३००, म्हणजे ११८. कारागृहाच्या १,८०० जागांना ३,७२,३५४, म्हणजे २०७. आणि बँडवाल्यांच्या ४१ जागांना ३२,०२६, म्हणजे एका जागेमागे ७८१! २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेला १०,१६,८५० जणांनी अर्ज केले आणि १,०१६ निवडले गेले, म्हणजे एका जागेमागे हजार. पोलीस बँडात क्लॅरिनेट वाजवायला मिळणं हे कलेक्टर होण्याच्या एवढं जवळ जाऊन बसलं आहे, आणि त्याच्यासाठी पुण्यात एकही क्लास निघालेला नाही.

फीचाही हिशेब करून टाकू. खुल्या प्रवर्गाला ४५० रुपये, मागासवर्गीयांना ३५०. सगळे अर्ज कमी फीचे धरले तर ६२ कोटी होतात, जास्त फीचे धरले तर ८० कोटी. खरा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठे तरी असणार.

पण घराघरांत ज्यावरून वाद होतात ते गणित हे नव्हे. तो वाद एका साध्या रकान्याचा असतो. एका पदासाठी एकाच घटकात एकच अर्ज, असा नियम आहे. घटक म्हणजे एखादा जिल्हा, एखादं शहर आयुक्तालय किंवा लोहमार्ग पोलीस. २०२४ ला ज्यांनी एकाच पदासाठी दोन-तीन ठिकाणी फॉर्म भरले होते, त्यांच्याकडून हमीपत्र घेऊन एकच ठिकाण ठेवायला लावलं. शिपाई हा त्या-त्या घटकाचाच नोकर असतो, त्याची ज्येष्ठता तिथेच मोजली जाते. बाविसाव्या वर्षी लागलेला शिपाई अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. छत्तीस वर्षं कुठे काढायची हे असं एका क्लिकवर ठरतं, आणि बहुतेक वेळा ते क्लिक सायबर कॅफेवाला करतो.

तर, मुंबई की आपला जिल्हा?

२०२४ ला मुंबईत शिपायांच्या २,५७२ जागा निघाल्या. राज्यातल्या चार जागांमधली एक मुंबईत, असं म्हणायला हरकत नाही. चालकांच्या तर १,६८६ पैकी ९१७ मुंबईत, निम्म्याहून जास्त. आता त्याच यादीत खाली यायचं. बीड १६५. लातूर ४४. नाशिक ग्रामीण ३२. सांगली २७. अहमदनगर २५. वर्धा २०. लातूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २४,५४,१९६ होती. त्या चोवीस लाखांत भरतीची तयारी करणारी पोरं किती असतील ती असोत, वर्दी चव्वेचाळीस जणांना.

२,५७२ आणि ४४ हे आकडे समोर ठेवून तुलना करायची, इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. कारण २,५७२ जागा कुणा एकासाठी नसतात आणि ४४ ही नसतात. जाहिरातीच्या खाली बारीक अक्षरात जो तक्ता असतो, त्यात आपला एक चौकोन असतो. तेवढाच आपला.

ढोबळ टक्केवारीने हिशेब मांडू. प्रत्यक्षातला बिंदुनामावलीचा हिशेब मागच्या रिक्त जागांप्रमाणे वर-खाली होतो, पण अंदाज येण्यापुरतं हे पुरे. सगळं आरक्षण मिळून ७२ टक्के, खुला प्रवर्ग २८. लातूरच्या ४४ मध्ये खुल्या जागा बारा. त्या बारांत महिलांचे ३० टक्के, माजी सैनिकांचे १५, खेळाडूंचे ५, प्रकल्पग्रस्तांचे ५, गृहरक्षक दलाचे ५, भूकंपग्रस्तांचे २. हे सगळं आडवं आरक्षण वजा केलं की ज्या पोराकडे कुठलाच दाखला नाही त्याच्यासाठी उरतात चार, फार तर पाच जागा. मुंबईत हाच हिशेब ७२० खुल्या जागांवर लागतो आणि उरतात पावणेतीनशेच्या आसपास.

आता लहान टक्क्यांकडे या. भटक्या जमाती ड प्रवर्गाला २ टक्के. मुंबईत त्याच्या ५१ जागा होतात. लातुरात ०.८८. वर्ध्यात ०.४. शून्य पूर्णांक चार शिपाई अजून कुठल्या ठाण्यात हजर झालेला नाही. म्हणजे ज्यांचा टक्का लहान, त्यांना आपल्या जिल्ह्यात कधी एक जागा दिसते, कधी चौकोनात नुसती आडवी रेघ. भूकंपग्रस्तांचे २ टक्केही तसेच. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तो याच लातूर जिल्ह्यात. त्या गावांतल्या घरांमध्ये दाखले आहेत, पण ज्या जिल्ह्यात ते सर्वांत जास्त असणार तिथे ४४ चे २ टक्के पुन्हा ०.८८.

यातून निघणारी गोष्ट अशी, की मुंबईची भरती सोपी नाही, पण तिचा अंदाज बांधता येतो. पावणेतीनशे जागांचा कट-ऑफ एखाद-दुसऱ्या पोराने फारसा हलत नाही. चार जागांचा कट-ऑफ मात्र एखादा राज्य पातळीवरचा धावपटू किंवा लेखीत नव्वद पाडणारे दोघे तिकडे फिरकले तरी कुठल्या कुठे जातो. आणि अशी पोरं स्वतःच्या जिल्ह्यातलीच असायला हवीत असंही नाही, शेजारच्या जिल्ह्यातूनही फॉर्म येतात. “आपल्याकडं मेरिट कमी लागतं” हे वाक्य कट्ट्यावर जितक्या आत्मविश्वासाने बोललं जातं तेवढा त्याला आधार नसतो. गेल्या वेळी कमी लागलं, एवढंच त्यातलं खरं.

लेखीला एका जागेमागे दहा उमेदवार घेतात. मुंबईला २५,७२० आणि लातूरला ४४०. लेखी १०० गुणांची, गणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरण, वेळ नव्वद मिनिटं. समजा सगळे ४० ते ९० या पट्ट्यात पसरले, तर मुंबईत एकेका गुणावर पाचशेवर पोरं उभी आहेत आणि लातुरात आठ-नऊ. प्रयोगाचा एक प्रश्न चुकला की मुंबईत एक अख्खं लग्नाचं वऱ्हाड पुढे निघून जातं.

मैदानावरची किंमत तर सेकंदाची आहे. पुरुषांना १६०० मीटर, पाच मिनिटं दहा सेकंदांत आलात तर २० पैकी २०. पाच अकरा लागले तर १८. चिपवर वेळ नोंदवली जाते, त्यामुळे “साहेब, मी रेषेवर होतो” याला काही अर्थ नाही. मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी पहाटे पाचला मैदानावर गेलात तर या एका सेकंदासाठीची झटापट बघायला मिळेल. चारशेचा ट्रॅक नसतोच. शाळेच्या मैदानाला किती फेऱ्या मारल्या की सोळाशे होतात ते एकदा टेपने मोजून ठेवलेलं असतं. कोपऱ्यात फक्कीने साडेआठ मीटरवर रेघ मारलेली, कारण ७.२६० किलोचा गोळा साडेआठ मीटर गेला की १५ पैकी १५. गोळा एकच, पोरं तीस. ज्याचा गोळा असेल तो त्या मैदानाचा मालक. मुली ८०० मीटर धावतात, चार किलोचा गोळा सहा मीटर टाकतात, आणि आठ वाजता घरी जाऊन स्वयंपाकालाही लागतात. ती वेळ कुठल्या चिपवर येत नाही.

अशाच एका मैदानावर रेणापूरकडचा एक पोरगा आणि त्याचा मुंबई पोलिसांतून निवृत्त झालेला मामा यांचा वाद ऐकला. पोराचं म्हणणं, घरी आई एकटी, दोन एकर कोरडवाहू, लातूरलाच टाकतो, नाही झालं तर पुढच्या वर्षी बघू. मामा म्हणाला, “पुढच्या वर्षी म्हंजे कवा? जाहिरात काय तुज्या आजीची वटपौर्णिमा हाय का, दरसाल यायला? लातूरच्या चव्वेचाळीसमंदी तुजा नंबर कुटं लागायलाय? मुंबईला टाक गुमान.” पोरगा म्हणाला, “मामा, तुमी मुंबईला टाकला म्हणून तर आमी तुमाला गणपतीला कधी बघितलंच नाही.” मामाने यावर उत्तर दिलं नाही, गोळा उचलून बघितला आणि खाली ठेवला.

मामाचं पहिलं म्हणणं आकड्यांनी पक्कं आहे. २०१९ ची भरती प्रत्यक्षात २०२१ ला झाली. मग २०२२ अखेरची १८,३३१ जागांची, मग २०२४ ची, आणि मग २०२५ ची १५,६३१ जागांची. सहा-सात वर्षांत जाहिराती चार. खुल्या प्रवर्गाला वयाची अट २८, मागासवर्गीयांना ३३. अठराव्या वर्षी सुरुवात केली तरी खुल्यातल्या पोराला आयुष्यात पाच-सहा डाव मिळतात. २०२५ ला सरकारने २०२२ आणि २०२३ मध्ये वय उलटून गेलेल्यांना एक वेळची सवलत दिली, म्हणजे वाट बघता बघता पोरांचं वय निघून गेलं हे सरकारलाही कागदावर मान्य करावं लागलं. शिवाय मुंबईही तशीच थांबून राहत नाही. २०२२-२३ च्या फेरीत मुंबईत शिपायांच्या ७,०७६ आणि चालकांच्या ९९४ जागा होत्या. त्या वेळी “यंदा जिल्हा बघू, मुंबई काय कधीही आहेच” म्हणणाऱ्यांना पुढच्या फेरीत शिपायांच्या २,५७२ दिसल्या. थांबण्याची रोख किंमतही आहे. शिपायाचं मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होतं. दोन वर्षांचं नुसतं मूळ वेतन, भत्ते सोडून, ५,२०,८०० होतं.

पण पोराचं म्हणणंही पोकळ नाही, आणि त्याचेही आकडे आहेत. ते कुणी मांडत नाही, कारण ते भरती झाल्यानंतर सुरू होतात.

मुंबई महापालिकेची हद्द सहाशे तीन चौरस किलोमीटर. २०११ ला त्यात १,२४,४२,३७३ माणसं. २०२३ च्या हिशेबात शिपाई ते सहायक फौजदार अशी ४०,६२३ पदं मंजूर होती आणि त्यातली दहा हजार रिकामी होती. राज्य सुरक्षा महामंडळाचे तीन हजार जवान कंत्राटावर घ्यायची वेळ त्यामुळेच आली. चौघांचं काम तिघांनी करायचं, आणि वर गणपती, दहीहंडी, महापरिनिर्वाण दिन, निवडणुका, क्रिकेटचे सामने. विसर्जनाच्या एका दिवशी वीस हजारांहून जास्त पोलीस रस्त्यावर असतात. २०१६ ला आयुक्त दत्ता पडसलगीकरांच्या काळात देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. त्याचा आराखडा ठाण्यातल्याच एका कर्मचाऱ्याने मांडला होता. आठ तासांची ड्युटी ही बातमी व्हावी, यातच बारा तासांची सवय किती मुरलेली होती ते दिसतं.

राहायचं कुठे? घरभाडे भत्ता महानगरात तालुक्याच्या गावापेक्षा तिप्पट मिळतो. सर्वांत वरचा ३० टक्के दर धरला तर नव्या शिपायाला ६,५१० रुपये, गावाकडे २,१७०. फरक महिन्याला ४,३४०. एवढ्यात मुंबईत खोली सोडा, खाटेवर भागवावं लागतं. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळींत पोलिसांच्या पिढ्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत वाढल्या. शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या त्या चाळी आता पाडून ५०० चौरस फुटांची घरं होताहेत, पण नव्याने भरती होणाऱ्याचा त्यात नंबर नाही. तो सरकतो बदलापूर, कर्जत, कसाऱ्याकडे.

बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ६८ किलोमीटर. येऊन-जाऊन १३६. वर्षाला तीनशे दिवस ड्युटी धरली तर ४०,८०० किलोमीटर. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर ४०,०७५. म्हणजे हा शिपाई दरवर्षी डब्याच्या दाराला लटकून पृथ्वीप्रदक्षिणा करतो. छत्तीस वर्षांत १४,६८,८०० किलोमीटर होतात. चंद्र ३,८४,४०० किलोमीटरवर आहे, जाऊन-येऊन दोन खेपा व्हायला थोडंच कमी पडतं. अंतराचं राहू द्या, वेळ बघा. दारापासून ठाण्यापर्यंत एका बाजूने दोन तास, दिवसाला चार, वर्षाला बाराशे तास, म्हणजे पूर्ण पन्नास दिवस-रात्री. छत्तीस वर्षांत अठराशे दिवस. पाच वर्षं!

गावी दोन वर्षं थांबलो तर वाया गेली, असं सगळे म्हणतात. लोकलमध्ये जाणारी पाच वर्षं कुणी वाया गेल्यात धरत नाही, कारण ती सुट्या पैशांसारखी रोज थोडी थोडी जातात. सगळी नोकरी कुणी बदलापूरहून करत नाही, मधे क्वार्टर मिळतं, पोस्टिंग जवळ येते. निम्मं धरा. तरी अडीच वर्षं.

त्यात गावचं अंतर वेगळं. पोलिसांच्या किरकोळ रजा वर्षाला बारा होत्या, त्या वीस केल्या. लातूरची रेल्वे रात्रभर चालते. दोन दिवसांची रजा टाकली तर त्यातलं घरी किती आणि गाडीत किती ते सांगायला नको. आणि रजा मिळते ती बंदोबस्त नसताना, म्हणजे सण नसताना. पोराने मामाला गणपतीत बघितलं नव्हतं ते त्यामुळेच.

आता या सगळ्याला छेद देणारा एक जिल्हा. गडचिरोली. २०११ ची लोकसंख्या १०,७२,९४२, म्हणजे लातूरच्या निम्मीही नाही. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, मुंबई जवळपास चोवीस वेळा मावेल. मुंबईत एका चौरस किलोमीटरवर वीस हजारांवर माणसं, तिथे चौऱ्याहत्तर. आणि २०२४ ला तिथे शिपायांच्या जागा ९१२, तेही फक्त जिल्ह्यातल्या उमेदवारांसाठी. एटापल्लीच्या पोराला मुंबई की जिल्हा हा प्रश्न पडत नाही. नक्षलग्रस्त भागातल्या नेमणुकीत दीडपट वेतनही मिळतं. ते दीडपट कशाचं आहे, हे तिथल्या प्रत्येक घराला माहीत आहे.

मला विचाराल तर, ज्याचा टक्का लहान आणि जिल्ह्यातल्या चौकोनात रेघ, त्याने जिल्ह्याचा विचारच करू नये, त्याच्यासाठी निवड आधीच झालेली आहे. जो वीस-एकविसाचा आहे, सोळाशे मीटर पाच मिनिटांच्या आत मारतो आणि लेखीला पंच्याऐंशीच्या खाली येत नाही, त्याने एक डाव जिल्ह्याला जरूर लावावा. असा पोरगा मुंबईला पाठवून त्याची पाच वर्षं लोकलला द्यायची काही गरज नाही. पंचविशीच्या पुढे गेलेल्या, मधल्या गुणांच्या पोराने मात्र भावनेवर जाऊ नये. ही फोड कट्ट्यावर होत नाही. तिथे एक तर “मुंबई म्हणजे मुंबई” असतं, नाही तर “गावातली अर्धी भाकर”.

सगळे शेवटी एका आशेवर मुंबईला टाकतात, की आधी वर्दी अंगावर येऊ दे, मग बदली करून घेऊ. आंतरजिल्हा बदली होते, नाही असं नाही. पण नव्या जिल्ह्यात गेल्यावर आधीच्या ज्येष्ठतेवर पाणी सोडावं लागतं, दहा वर्षं नोकरी झालेला शिपाई काल लागलेल्याच्या खाली बसतो. आपसी बदलीला समोरून कुणी तरी मुंबईला यायला तयार हवं. लातूरहून मुंबईला यायला निघालेला पोलीस कुणी पाहिला असेल तर त्याचा पत्ता मुंबईतले शेकडो जण मागतील. आणि एकतर्फी बदलीला लागते ती जिल्ह्यातली रिकामी जागा. लातूरच्या ज्या रिकाम्या जागेवर रेणापूरचा पोरगा नजर लावून बसला आहे, तिच्यासाठीच मुंबईतल्या कुठल्या तरी ठाण्यातून रेणापूरच्याच दुसऱ्या एका पोराचा विनंती अर्ज निघालेला असतो, दहा वर्षांपूर्वी मामाचं ऐकून गेलेल्या.